लग्नातले दोन कॅमेरे

मंगलाष्टकांचा शेवटचा श्लोक संपतो, वाजंत्री एकदम सुरू होते, अंतरपाट बाजूला होतो, चहूबाजूंनी अक्षता पडतात आणि वधू हार उचलते. मिनिटभरात हे सगळं आटोपतं. पत्रिकेवर ज्याची वेळ मिनिटांसकट छापलेली असते, ज्याच्यासाठी नगरहून, साताऱ्याहून, परभणीहून माणसं पहाटे घर सोडून आलेली असतात, ते हे एवढंच. आणि नेमक्या याच मिनिटाला मांडवातले दोन प्रकारचे कॅमेरे एकमेकांच्या आड येतात. एक, ऑर्डर घेऊन आलेल्या फोटोग्राफरचा. दुसरा, पाहुण्यांच्या हातातल्या मोबाइलचा.

दोघांनाही एकच फोटो हवा असतो, हीच अडचण आहे. फोटोग्राफरला विधी माहीत असावे लागतात; पाहुण्याला माणसं माहीत असतात. दोघांनी आपापल्या माहितीच्या जागी उभं राहावं, एवढंच मला या प्रकरणात सांगायचं आहे. बाकी सगळं उजेडाचं आणि सवयीचं आहे, आणि तेही शिकता येतं.

उदाहरणासाठी धायरीच घेऊ. सिंहगड रस्त्याला लागून असलेलं, धारेश्वराच्या देवळाचं हे गाव २०१७ मध्ये पुणे महापालिकेत आलं. दारात मांडव घालून लग्न लावणारी जुनी घरं इथे आहेत आणि मराठवाडा-विदर्भातून नोकरीसाठी येऊन सोसायट्यांमध्ये स्थिरावलेली कुटुंबंही आहेत. धायरी फाट्यापासून नऱ्हे आणि सिंहगड रस्त्यावरच्याच नांदेड गावापर्यंतच्या पट्ट्यात मंगल कार्यालयं आणि लॉन आहेत. इथे ऑर्डर घेणाऱ्याला एकाच लग्नसराईत हजार-दीड हजार पानांचं मराठा लग्न मिळतं, होम-सप्तपदीवर तासभर रेंगाळणारं ब्राह्मणी लग्न मिळतं आणि बुद्ध व बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर, पांढऱ्या कपड्यांत, वंदना म्हणून लागणारं बौद्ध लग्नही मिळतं. कधी सत्यशोधक पद्धतीचं लग्न असतं. त्या परंपरेची सुरुवात १८७३ साली याच पुण्यात झाली. प्रत्येकात मुख्य क्षण वेगळा, तो येण्याची खूण वेगळी. कॅमेरा कितीही भारी असला तरी ही खूण तो दाखवत नाही.

अंतरपाटाचंच बघा. वधूवर एकमेकांसमोर, मध्ये पांढरं कापड, त्यावर कुंकवाचं स्वस्तिक, मागे दोघांचे मामा. हे सगळं सभेला आडवं असतं. म्हणजे समोरून बघणाऱ्याला दोघांची बाजू दिसते, चेहरा कोणाचाच पूर्ण दिसत नाही. जाणता फोटोग्राफर मंगलाष्टकं सुरू होण्याआधीच गुरुजींना विचारून घेतो, "गुरुजी, अंतरपाट कुठल्या बाजूला काढणार?" कारण कापड ज्या बाजूला जातं तिथे उभा असलेला माणूस त्यात गुरफटतो आणि नेमका क्षण पांढऱ्या पडद्याआड जातो.

त्यात कॅमेऱ्याचीही एक खोड आहे. उजेड मोजणारं त्याचं मीटर समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतं. समोर मोठं पांढरं कापड आलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, मग तो फोटो काळवंडवतो. कापड करडं होतं आणि माणसांचे चेहरे अंधारात जातात. म्हणून अंतरपाट असेपर्यंत एक्स्पोजर हाताने एक-दीड स्टॉप वाढवावं लागतं आणि अंतरपाट गेल्याबरोबर परत खाली आणावं लागतं. शिवाय उघड्या लॉनवर हेच कापड चेहऱ्यांवर मऊ उजेड परतवत असतं. ते दूर झालं की तो उजेडही जातो, आणि दुपारच्या मुहूर्ताला फेट्याची आणि मुंडावळ्यांची काळी सावली थेट डोळ्यांवर पडते. जे हे जाणतात ते कॅमेरा आधीच मॅन्युअलवर ठेवून, आकडे बसवून तयार असतात. बौद्ध लग्नात तर वधूवर दोघंही पांढऱ्यात असतात, तिथे हेच पूर्णवेळ सांभाळावं लागतं.

अक्षतांचं गणित वेगळं. हवेतला एकेक दाणा स्पष्ट दिसायला हवा असेल तर शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं वेगवान लागतं. तिसाव्या भागावर ठेवलं तर दाण्यांच्या रेघा होतात आणि पाऊस पडल्यासारखं दिसतं. दोन्ही सुंदर असतं, फक्त कुठलं हवं ते आधी ठरलेलं असावं. पण बंद कार्यालयात वेगवान शटर लावलं की दुसरं संकट येतं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साध्या एलईडी दिव्यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. दिव्यांच्याच उजेडावर काम करायचं तर शटर पन्नासाव्या किंवा शंभराव्या भागावर ठेवणं सुरक्षित. मग अक्षता गोठवायच्या कशा? फ्लॅशने. फ्लॅशचा झोत इतका थोडा वेळ असतो की शटर संथ असलं तरी दाणा जागच्या जागी थांबतो.

स्टेजवरच्या जांभळ्या आणि गडद निळ्या एलईडींबद्दल मात्र मी डेकोरेटरला हात जोडून सांगेन की मुहूर्ताच्या आणि होमाच्या वेळी ते बंद ठेवा. पिवळसर उजेडातला फोटो नंतर संगणकावर सुधारता येतो. निव्वळ जांभळ्या उजेडात चेहऱ्याचा मूळ रंग सेन्सरपर्यंत पोचतच नाही, मग कोणी कितीही एडिटिंग केलं तरी तो परत येत नाही. सहा महिने शोधून घेतलेल्या पैठणीचा रंग असा हातचा जातो. हळदीला उलटा प्रकार होतो. सगळीकडे पिवळं असलं की कॅमेऱ्याचं ऑटो व्हाइट बॅलन्स त्या पिवळ्यालाच दोष समजून काढून टाकायला बघतं आणि हळद फिक्कट, गाल निळसर होतात. तिथे व्हाइट बॅलन्स हाताने बांधून ठेवणं हाच उपाय.

गोरज मुहूर्ताचा उजेड सगळ्यांना आवडतो, पण त्यावर विसंबता येत नाही. पुण्यात डिसेंबरच्या मध्याला सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, मेच्या मध्याला सातच्या. वरात वेशीपासून निघायला अर्धा तास उशीर झाला, आणि तो होतोच, की हिवाळ्यात अक्षता अंधारात पडतात. म्हणून तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्तांना शहाणे लोक दिवे आदल्या दिवशी तपासतात.

अक्षता पडल्या की मांडव रिकामा होतो, सगळे जेवायला जातात. ज्या लग्नात होम असतो, तिथे तो आता सुरू होतो. लाजाहोम, कानपिळी, सप्तपदी, सगळं धुरात, दहा-पंधरा माणसांसमोर. फोटोग्राफरही सकाळपासून उभा असतो. त्याला स्टेजच्या रांगेची तयारी करायची असते. आणि नेमका इथला फोटो कच्चा राहतो. हे मला फार खटकतं, कारण कायद्याच्या नजरेने महत्त्वाचं तेच आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याचं सातवं कलम सांगतं की ज्यांच्या विधींत सप्तपदी आहे त्यांचा विवाह सातवं पाऊल पडल्यावर पूर्ण आणि बंधनकारक होतो. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केलं की विधी झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. महाराष्ट्रात विवाहनोंदणी करताना पत्रिका आणि साक्षीदारांबरोबर लग्नाचा फोटोही मागतात. तेव्हा स्टेजवरच्या शेकडो फोटोंपेक्षा पाटावरून पडणाऱ्या पावलांचा, दोघांचे चेहरे आणि होम एकत्र दिसणारा एक नीट फोटो घराला जास्त उपयोगी. तो खाली बसून, कॅमेरा जमिनीजवळ आणून काढावा लागतो. धुरामागून, म्हणजे समोरून येणारा उजेड असेल तर धूरही देखणा दिसतो. कॅमेऱ्याच्या बाजूने फ्लॅश मारला तर सगळं पांढरं धुकं होतं.

कानपिळीचा फोटोही असाच निसटतो. वधूचा भाऊ पुढे येतो, वराचा कान धरतो, हशा होतो, संपलं. भाऊ जागेवरून उठला की काय होणार आहे हे ज्याला माहीत नाही तो त्या वेळी लेन्स बदलत असतो.

पूर्वीच्या फोटोग्राफरला हे माहीत असायचं, कारण त्याला दुसरा इलाजच नव्हता. फोटोग्राफी आपल्याकडे लवकर आली. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी तिच्यात होते. पुढच्याच वर्षी एल्फिन्स्टन संस्थेत फोटोग्राफीचा वर्ग निघाला. पण काचेच्या ओल्या प्लेटला काही सेकंद तरी निश्चल उभं राहणारा माणूस लागे. मांडवातली धावपळ तिला झेपणारी नव्हती. म्हणून कित्येक जुन्या घरांत लग्नाचा फोटो म्हणून जो आहे तो लग्नातला नाहीच. तो नंतर स्टुडिओत जाऊन काढलेला आहे: रंगवलेला पडदा, नक्षीची खुर्ची, बसलेला नवरा आणि खांद्यामागे उभी नवरी. १९३० च्या सुमारास फ्लॅशचे बल्ब आले आणि कॅमेरा घरात सहज शिरू शकला. मग लग्नाचे फोटो १२० च्या रोलवर निघू लागले. चौकोनी फोटो काढायचे तर त्यात बारा फोटो बसत. बारा झाले की कॅमेरा उघडायचा, नवा रोल चढवायचा. मंगलाष्टकांच्या मध्येच रोल संपला तर गेलं लग्न. त्यामुळे तो माणूस अष्टकं मोजत असे, शिल्लक फोटो मोजत असे, आणि आठ झालेला रोलसुद्धा आधीच काढून टाकत असे. ३५ मिलिमीटरच्या रोलमध्ये छत्तीस फोटो आले तेव्हा त्याला जरा हुश्श वाटलं. ऐंशीच्या दशकात व्हिडिओ आला आणि त्याच्याबरोबर हॅलोजनचा दिवा धरून उभा राहणारा मुलगा आला. त्या दिव्याच्या झळीने नवरीचं कुंकू पाघळायचं. डिजिटल कॅमेऱ्याने मोजणीच संपवली. आज एका लग्नात हजारो फोटो निघतात. जुन्या माणसाची टंचाई मला परत नको आहे. त्याची तयारी मात्र हवी आहे.

आता पाहुणा. फोटोग्राफरला आत्या कोण आणि मावशी कोण हे माहीत नसतं. आजारपणातून उठून काठी टेकत आलेले चुलते त्याला गर्दीतले एक म्हातारे दिसतात. बऱ्याच वर्षांनी दोन भाऊ शेजारी-शेजारी पानावर बसलेत याचा अर्थ त्याला कळण्याची सोय नाही. तुम्हाला ते कळतं. म्हणून पाहुण्याची जागा स्टेजसमोर नाहीच. ती पंगतीत आहे, मुलीच्या मामीने रात्रभर बसून मांडलेल्या रुखवतापाशी आहे, मोठ्या कढईतल्या भाजीवर उलथनं धरून उभ्या असलेल्या आचाऱ्यापाशी आहे. मांडवाच्या कडेला खुर्ची ओढून, चपला काढून, नातीच्या हातात अक्षता मोजून देणाऱ्या आजीपाशी आहे. घरच्यांना नंतर जे फोटो मिळत नाहीत ते हेच.

मोबाइलने ते चांगले येतात, फक्त थोडं लक्ष द्यावं लागतं. आधी लेन्स पुसा. लग्नात हाताला तूप लागलेलं असतं, तेच बोट लेन्सवर फिरतं आणि दिव्यांभोवती धुरकट वलयं येतात. बोटांनी झूम करण्यापेक्षा दोन पावलं पुढे जा. मोबाइलचा फ्लॅश दोन-तीन मीटरपलीकडे काही कामाचा नाही, त्यापेक्षा माणसाला खिडकीकडे किंवा मांडवाच्या उघड्या बाजूकडे तोंड करून बसायला सांगा. पोर्ट्रेट मोड मुंडावळ्यांच्या बारीक सरींपुढे गोंधळतो आणि अर्ध्या सरी मागच्या धुक्यात विरघळवतो, तेव्हा नवरा-नवरीसाठी तो बंदच बरा. नाइट मोड अनेक फोटो एकावर एक जोडून एक फोटो तयार करतो. स्थिर बसलेल्या आजीसाठी उत्तम, नाचणाऱ्या पोरांसाठी नाही.

आणि मुहूर्ताला फोन खिशात ठेवा. अक्षता टाकायला उजवा हात लागतो. डाव्या हाताने वर धरलेला फोन मागच्या दहा जणांच्या डोळ्यांसमोर येतो आणि फोटोग्राफरच्या फोटोत वधूच्या चेहऱ्याजागी चमकता पडदा उमटतो. तो क्षण टिपायला एक माणूस पैसे देऊन उभा केलेला आहे. यजमानांपैकी कोणी मोठ्या माणसाने, मामांनी किंवा काकांनी, माइकवरून दोन वाक्यांत तशी विनंती केली तर लोक ऐकतात. पाहुणे आपले असतात, त्यांना नीट सांगितलं की राग येत नाही.

काही जागा मात्र दोन्ही कॅमेऱ्यांना विचारून जायच्या. वधूची खोली, चुडा भरणं, हळदीनंतरचं न्हाणं. हैदराबादला राजा दीनदयाळ यांनी १८९२ मध्ये खास स्त्रियांसाठी जनाना स्टुडिओ काढला आणि तो चालवायला एका बाईंनाच नेमलं. सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी जी काळजी एका व्यावसायिकाला सुचली ती आज ऑर्डर देताना विचारायला आपण संकोचू नये: तुमच्या टीममध्ये मुलगी आहे का? आणि हळदीत भिजलेल्या मैत्रिणींचे फोटो तिथल्या तिथे स्टेटसला टाकण्याआधी पाहुण्यांनीही त्यांना विचारावं.

धायरीकरांसाठी ड्रोनचं जरा वेगळं आहे. इथून जवळच खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आहे, गिरीनगरला संरक्षण खात्याची संस्था आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार देशाचा आकाशनकाशा हिरव्या, पिवळ्या आणि लाल विभागांत वाटला आहे. लाल विभागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय ड्रोन उडवता येत नाही. वरातीवरून ड्रोन फिरवायचा असेल तर आपलं लॉन कुठल्या रंगात येतं ते नकाशावर बघून मगच ठरवावं. "सगळेच उडवतात" हे उत्तर पोलिसांपुढे चालत नाही. प्री-वेडिंगसाठी खडकवासल्याच्या पाण्यात उतरणाऱ्या जोडप्यांनाही कळकळीने सांगतो की काठावरून फोटो काढा. तळ गाळाचा असतो, पाय कुठे खचेल सांगता येत नाही, आणि भरजरी शालू भिजला की अंगावर ओझं होतो.

स्टेजवरचा कौटुंबिक फोटो हा सगळ्यात दुर्लक्षित आणि पुढे सगळ्यात जास्त पाहिला जाणारा. तिथे फ्लॅशचा एक नियम लक्षात ठेवावा: अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. फ्लॅश पहिल्या रांगेपासून दोन मीटरवर आणि मागची रांग चार मीटरवर असेल तर पुढचे काका पांढरेफटक आणि मागची पोरं काळी. फ्लॅश मागे न्या, उंच करा, म्हणजे दोन्ही रांगांवर पडणाऱ्या उजेडातला फरक कमी होतो. कुठले गट काढायचे त्याची यादी घरातल्या एका माणसाने आधी द्यावी आणि त्यानेच नावं पुकारावीत. फोटोग्राफरला "मुलीचं आजोळ" कोणतं ते कसं ओळखू यावं? त्याला पंगतीत वेळेवर जेवायला बसवण्याची जबाबदारीही याच माणसाकडे असावी. पहाटेपासून उभ्या माणसाला शेवटच्या पंगतीत थंड भात मिळावा हे बरोबर नाही.

हे फोटो मालकीचे कोणाचे? १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातली तरतूद अशी की मोबदला देऊन, सांगून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक सांगणारा असतो, वेगळा करार नसेल तर. म्हणजे फोटोग्राफरला ते आपल्या जाहिरातीसाठी वापरायचे असतील तर त्याने तसं लिहून घ्यावं, आणि घरच्यांनी सही करण्याआधी ते वाचावं. पाहुण्याने स्वतःहून काढलेला फोटो पाहुण्याचा.

लग्न झाल्यावर खरा खोळंबा सिलेक्शनचा होतो. हजारो फोटो पेन ड्राइव्हवर घरी येतात आणि महिनोन्महिने पडून राहतात. करिझ्मा अल्बम छापायला जायचा तो लग्नाच्या पहिल्या वाढदिवसापर्यंत लांबतो. फोटोग्राफरने सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं सकाळीच मोबाइलच्या वेळेशी जुळवून ठेवली असतील तर सगळे फोटो आपोआप विधींच्या क्रमाने लागतात आणि निवड एका संध्याकाळी होते. पाहुण्यांचे फोटोही त्याच क्रमात बसतात, फक्त ते मूळ आकारात मिळाले पाहिजेत. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो. सगळा साठा दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवावा, एक माहेरी आणि एक सासरी.

कौटुंबिक फोटोची एक मोठी प्रत लवकर छापून घ्यावी. ती घेऊन दोन्हीकडच्या जुन्या माणसांशेजारी बसावं आणि डावीकडून उजवीकडे, रांगेनुसार नावं आणि नाती लिहून घ्यावीत. हल्लीच्या फोटोच्या कागदाची पाठ गुळगुळीत असते, तिच्यावर पेन्सिल उमटत नाही आणि पेनाची शाई पुसली जाते. वेगळ्या कागदावर लिहून तो अल्बममध्ये त्याच पानाला जोडावा.